भेटायला येणाऱ्यांना लावलेलं काम

आमच्याकडे माणूस दवाखान्यात पडला की अख्खं गाव भेटायला येतं. जो येत नाही त्याचं नाव वर्षभर निघतं. मी वॉर्डातली नर्स, आणि या भेटणाऱ्यांवर माझा फार राग. प्रत्येकाचा एकच प्रश्न, "कितलं दुखी ऱ्हायनं वं माय?" सातव्यांदा सांगेपर्यंत बाईचं दुखणं सातपट होतं. मग घोषा सुरू, "सिस्टर, सुई द्या."

प्रकाशा गावची एक शेतकरीण पित्ताशयाच्या ऑपरेशनला आली, तेव्हा तिच्या सुनेनं मला जिन्यात गाठलं. डोळे भरलेले. "मागे ऑपरेशन व्हयनं तवय सासूले सुईनी सवय लागी गयथी, सिस्टर. सुटता सुटता वरीस गयं. आते परत नको." ही सुई अफूच्या जातीची. कळ थांबवते, पण कधी कधी माणसाचा पिच्छा सोडत नाही.

मी डॉक्टरांशी बोलले. साध्या गोळ्या घड्याळ लावून, कळ उठायच्या आधी द्यायच्या ठरल्या. नंतर देणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. खोकताना पोटाशी धरायला लुगड्याची घडी दिली. सुईही लिहिलेली होती, गरज पडली तर. तिला मी स्पष्टच सांगितलं, "माय, सहन नही व्हयनं तं मीच सुई दिसू." मागितली तर मी अडवणार नव्हते.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांची रांग लागली. पहिलीनं तोंड उघडताच मी म्हणाले, "इचारानं नही. हात धरा नि खिडकीलोंग फिराई आना." ती भांबावली, पण नात्याचं काम, टाळते कशी? मग जो येईल त्याला हेच. जावेनं तिला खिडकीपर्यंत एक फेरी मारून आणली, विहिणीनं दोन.

दुपारी मात्र तिचा चेहरा पिळवटला. "सुई द्या, सिस्टर." शब्द दिला होता, मी सुई आणायला वळले. तेवढ्यात दारात तिची मावसबहीण उभी राहिली.

"थांबा," खाटेवरूनच शेतकरीण मला म्हणाली. "हाई येल शे, फिरी येस."

बहिणीचा हात धरून खिडकीपर्यंत हळूहळू जाऊन आली, खाटेवर टेकली, श्वास घेतला. "आते ऱ्हाऊ द्या."

घरी जायच्या दिवसापर्यंत सुई एकदाही लागली नाही. मला वॉर्डभर मिरवावंसं वाटत होतं, आणि मी मिरवलंही. सुनेनं डॉक्टरांना भीत भीत विचारलं, घरी सुई लागेल का? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायच्या आत सासूच म्हणाली, "सुई कसाले? गावमा भेटाले येणारा अजून कितला शेतस!"