टिटवी भिजत होती आणि मी चिखलात अडकले होते

मंडळी, अजून धडधड थांबलेली नाही. सकाळी नवऱ्यासोबत रेवदंड्याजवळ कुंडलिकेच्या काठी टिटवीचे फोटो काढत होते, तेवढ्यात अवकाळी पाऊस कोसळला. तेव्हा दिसलं, माझ्यापुढेच खड्यांमध्ये तिची अंडी उघडी पडली होती. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती.

घाईने मागे सरले, तर पाय गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला. मला तिथून दूर जाता येत नव्हतं, म्हणून ती अंड्यांवर येत नव्हती.

"अहो, ओढा मला!"

"आधी कॅमेरा दे, भिजतोय," नवरा म्हणाला.

"कॅमेरा राहू द्या, अंडी भिजतायत!"

शेवटी चप्पल तिथेच सोडून निघाले. लांबून वळून पाहिलं, तर ती अंड्यांवर बसली होती.

एवढ्या वेळात अंडी गारठली तर नसतील ना? कुणाला माहीत असेल तर खरं काय ते सांगा.