हसण्यावर बंदी

लोणी कढायला ठेवलं की त्या वासाने मला लग्नानंतरची पहिली थंडी आठवते. नागपूरच्या कोरड्या हवेने माझे ओठ इतके फुटले होते, की चहाचा घोटही झोंबायचा. हे गांधीबागेत साड्यांच्या दुकानात कामाला होते आणि घरी आले की गिऱ्हाइकांच्या नकला करायचे. एका संध्याकाळी टॉवेल पदरासारखा खांद्यावर घेऊन, आरशात बघत त्यांनी असं काही नाक मुरडलं की मी खळखळून हसले आणि खालचा ओठ चिरलाच. रक्त पाहून ते घाबरले. नुकतंच कढवलेलं कोमट तूप बोटाने माझ्या ओठांवर लावत म्हणाले, "हासू नको वं. ओठ बरे होईपर्यंत आपल्या नकला बंद." आणि खरंच, चार दिवस मान खाली घालून मुकाट जेवले. पाचव्या दिवशी मीच म्हटलं, "ओठ फुटले त फुटू द्या, पण काही बोला ना. घर खायले उठून राहिलं." ते गेल्याला आता तीन वर्षं झाली. यंदाही थंडी कडाक्याची आहे, ओठांना तूप लावायचं रोज राहून जातं, तरी ते एकदाही चिरले नाहीत.