आवाज बंद ठेवून वाजवायचं युकुलेले

लोणारला तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर प्रेमलाबाईंचं घर आहे. शाळेतून निवृत्त झाल्या, पुढे नवरा गेला, आता घरात एकट्याच. दर बुधवारी उजाडायच्या आधी त्या शाल पांघरून मागच्या पडवीत बसतात, तांब्याला फोन टेकवून ठेवतात आणि चार तारांचं एक छोटंसं वाद्य मांडीवर घेतात. युकुलेले. गल्लीतली पोरं त्याला गिटारीचं पिल्लू म्हणतात.

मुलगी हिमानी अमेरिकेत असते. तिच्याकडे राहायला गेल्या तेव्हा दिवस सरता सरत नसे. म्हणून हिमानीनं एका संध्याकाळी त्यांना गावातल्या वाचनालयात नेलं. तिथे दर मंगळवारी म्हातारी माणसं गोल बसून त्यांच्या डोंगराळ मुलखातली जुनी गाणी वाजवत. ब्लूग्रास म्हणतात त्याला. बँजो, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, दोन-तीन गिटारी. ऐकायला कोणीच नसे. जो येईल तो वाजवणाराच. प्रत्येकानं पाळीपाळीनं एक गाणं काढायचं, बाकीच्यांनी मागून यायचं.

बँजोवाले वॉल्टर तिथले सगळ्यांत वयस्क. त्यांनीच हे युकुलेले बाईंच्या हातात दिलं. "या गाण्यांत हे वाद्य बसत नाही म्हणतात," ते हसून म्हणाले, "पण खुर्ची तर रिकामी आहे."

बाई तीन कॉर्ड शिकल्या, म्हणजे तारांवर बोटं दाबायच्या तीन तऱ्हा. पाळी आली की मात्र नकारार्थी मान हलवायच्या, आणि गाणं शेजारच्याकडे सरकायचं.

परतताना वॉल्टरनी युकुलेले त्यांच्यासोबत दिलं आणि दर मंगळवारी बाईंच्या रिकाम्या खुर्चीवर एक फोन ठेवायला लागले. तिकडची मंगळवारची संध्याकाळ म्हणजे इकडची बुधवारची पहाट. पण इतक्या लांबून आवाज उशिरा पोचतो, सगळ्यांचा ताल मोडतो. म्हणून बाई फोनवर आपल्याकडचा आवाज बंद ठेवत. त्यांना सगळे ऐकू यायचे. तिकडच्यांना दिसायची ती फक्त त्यांची बोटं.

याचं त्यांना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तळ्यावरून धुकं वर यायचं, खालच्या झाडीत मोर ओरडायचे, त्यातच फिडलचा बारीक सूर मिसळायचा. डोळे अर्धे मिटलेले. आपण कुठल्या डोंगरात बसलोय, हे कधी कधी त्यांना सांगता आलं नसतं.

गेल्या आश्विनात एका पहाटे वॉल्टर फोनजवळ वाकले. "प्रेमला, आज तुमची पाळी. आम्ही इकडचा आवाज बंद करतो. तुम्ही काढा."

बाई मान हलवणारच होत्या. पण भुलाबाईचे दिवस होते. आदल्या संध्याकाळी गल्लीत पोरींनी भोंडल्यासारखा फेर धरला होता, आणि ती चाल रात्रभर त्यांच्या कानात राहिली होती. दोन कॉर्डमध्ये बसेल, त्यांना वाटलं. त्यांनी आवाज चालू केला आणि भुलाबाईचं गाणं धरलं. आधी गळा खरखरला, मग मोकळा झाला.

समोर सगळ्यांचे हात हलत होते. फिडलवरचा गज वर जात होता, खाली येत होता, बँजोवर बोटं धावत होती, आणि आवाज कशाचाच नव्हता. सगळे जणू पाण्याखाली वाजवत होते. मग चित्र थिजलं. नेटवर्क गेलं.

बाई थांबल्या नाहीत. कडव्याशेवटी श्वास घेतला, तर पुढची ओळ भिंतीपलीकडून आली. शेजारच्या आशाबाई सडा टाकत होत्या, शेणाचे हात तसेच ठेवून गात होत्या. दोघींनी तेही कडवं पुरं केलं.

"बाई, थांबल्या काऊन? अजून हाय ना पुढं!"

"पुढचं आठवत नाही हो."

"मले येते. तुम्ही वाजवा."

तेवढ्यात फोन पुन्हा जागा झाला. पुन्हा जोडताना तिकडचा आवाज बंद करायला सगळे विसरले होते. फोनमधून भुलाबाईची चाल येत होती, जराशी तिरपी, त्यांच्या डोंगराच्या वळणाची. वॉल्टर डोळे मिटून वाजवत होते. बाई मधेच दिसेनाशा झाल्याचं सगळ्यांना कळलं होतं; थांबलं कोणीच नव्हतं.

आशाबाई हात धुऊन आल्या, फोनमध्ये डोकावल्या. "हे कोण होय?"

"माझी मंडळी."

"यायले भुलाबाई कोनं शिकवली?"

"आत्ताच. आपण दोघींनी."

आशाबाई पदर तोंडावर धरून हसत राहिल्या.

आता बुधवारी धार काढून झाली की त्याही पडवीत येतात. मध्यंतरी हिमानीचा फोन आला. "आई, वॉल्टर विचारत होते, तुझ्या शेजारच्या त्या बाई काय वाजवतात?"

बाईंनी आशाबाईंना विचारलं. त्यांनी जरा विचार केला. "परात, म्हणा."

पुढच्या बुधवारी त्या खरंच पितळेची परात घेऊन आल्या, ती गुडघ्यावर पालथी घातली आणि बोटांनी हलकेच ठेका धरला. बाईंनी आवाज बंद केला. दोघी वाजवू लागल्या.