अकरा उत्तरपत्रिका

नवरा गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत शिकवायला लागले. ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. सकाळी चालत शाळेत जायचं, शिकवायचं, घरी येऊन कुकर लावायचा. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, बाई धीराची आहे. धीर कसला? आत काही हलतच नव्हतं.

त्या वर्षी आमच्या मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, सातवीच्या मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली. चाचणी एका अध्यापक महाविद्यालयाकडून आली होती. तिच्या गुणांवरून आठवीच्या अ, ब, क तुकड्या पाडायच्या आणि पुढच्या वर्षी वार्षिक परीक्षेचे गुण त्यांच्याशी जुळतात का, ते कळवायचं. मुलांनी शेजारच्याचं बघू नये म्हणून दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका होत्या, लाल आणि निळी.

तपासणी माझ्याकडे आली. भोकं पाडलेला पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा, भोकांतून दिसणाऱ्या खुणा मोजायच्या, आकडा लिहायचा. लाल प्रश्नपत्रिकेला एक पुठ्ठा, निळीला दुसरा; उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यावर त्या त्या रंगाची खूण होती. डोकं चालवावं लागत नव्हतं, म्हणून मला ते काम बरं वाटलं. चार दुपारी शिक्षकांच्या खोलीत बसून मी सगळा गठ्ठा संपवला.

जूनमध्ये फळ्यावर याद्या लागल्या. सातवीत माझ्या वर्गात एक मुलगी होती. प्रश्न पुरा व्हायच्या आत "बाई, मी सांगू? मी सांगू?" करत उभी राहायची. वडील एका कारखान्यात लेथवर होते. ती धावत माझ्याकडे आली.

"बाई, माझं नाव 'क'मध्ये कसं?"

"चाचणीत गुण कमी पडले गं."

"किती पडले?"

"ते सांगायचं नसतं."

तिने मान हलवली आणि 'क'च्या रांगेत जाऊन उभी राहिली.

'क'ला गणित मीच शिकवत होते. दिवाळीपर्यंत तिचा हात वर यायचा. नंतर यायचा बंद झाला. सहामाहीला ती कशीबशी पास झाली. मला ते दिसत होतं. पण तेव्हा मला सगळंच काचेपलीकडून दिसायचं.

एप्रिलमध्ये महाविद्यालयाला पाठवायचा तक्ता करायला मी जुन्या उत्तरपत्रिका काढल्या. लाल गठ्ठ्यात कोपऱ्यावर निळी खूण असलेली एक निघाली. मग दुसरी. एकूण अकरा. त्या सगळ्या मी चुकीच्या पुठ्ठ्याने तपासल्या होत्या. निळा पुठ्ठा शोधून पुन्हा मोजल्या. त्या मुलीची उत्तरपत्रिका पूर्ण इयत्तेत दुसरी आली.

मी उठून मोठ्या बाईंकडे गेले आणि जे झालं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"या अकरा जणांचे वार्षिकचे गुण कसे आहेत?"

"कमीच आहेत. चाचणीत आले होते तसेच."

"म्हणजे जुळतायत ना?"

"बाई, पण चाचणीचे गुणच खोटे आहेत."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "आता अकरा घरी काय सांगणार तुम्ही? शाळेचं नाव जाईल. तुमची नोकरीही अजून कायम नाही. त्या एका मुलीला नववीत 'अ'मध्ये घेऊ. तक्ता आहे तसा जाऊ दे."

मी तक्ता लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं. अकराही जणांपुढे जुने आकडे घातले आणि खाली सही केली. आता रडू येईल म्हणून जरा थांबले. आलं नाही. डबा उघडून जेवले.

मुलीच्या घरी मात्र मी गेले. आई दारात तांदूळ निवडत होती. तिला म्हटलं, मुलगी हुशार आहे, तिला 'अ'मध्ये घालतोय.

"नको ओ बाई," ती म्हणाली. "तिचां डोक्यां चालणा नाय. शाळेनच सांगल्यान मां?"

"शाळेची चूक झाली. माझी चूक झाली."

आईला ते कळलं नाही, की पटलं नाही, कोण जाणे. मुलगी आत भिंतीला टेकून ऐकत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "बाई, मी 'क'मध्येच बरी आहे. तिथे माझ्या मैत्रिणी आहेत."

तरी तिला 'अ'मध्ये घातलं. ती शेवटच्या बाकावर बसायची. मी रोज मधल्या सुट्टीत तिला गणितं सोडवायला बोलवायचे. ती यायची, सोडवायची आणि बरोबर आलं तरी विचारायची, "चुकलं ना बाई?" दहावीला ती सेकंड क्लासमध्ये पास झाली. पेढे द्यायला आली, नमस्कार केला आणि टायपिंगचा क्लास लावलाय म्हणाली.

उरलेल्या दहा जणांच्या घरी मी कधीच गेले नाही. त्यांतले दोघे नववीतच शाळा सोडून गेले. तक्ता गेल्यावर महिन्याभरातच मोठ्या बाईंना महाविद्यालयाकडून आभाराचं पत्र आलं होतं. त्यांनी ते मला वाचायला दिलं, मी वाचून परत केलं. त्याच जूनमध्ये मला नोकरीत कायम केलं.