टपाल खात्याची आत्या

पत्त्यावर माणसासारखं प्रेम करणारं एकच माणूस मी पाहिलं, ते म्हणजे माझी आत्या. उगाच म्हणत नाही; शेवटी अख्ख्या देशाचं टपाल खातं तिच्या हाताखाली होतं. माझ्या लग्नाची पत्रिका तिने दिल्लीहून परत पाठवली. पिनकोडभोवती लाल गोल आणि खाली बारीक अक्षरात : 'एक आकडा चुकला आहे. अनेक आशीर्वाद.' अहमदाबादला असताना रजेवर येताना ती डहाणूच्या थोडं अलीकडे तलासरीला गाडी थांबवून पेटीत स्वतःच्याच नावाचं, डहाणूच्या घरच्या पत्त्याचं कार्ड टाकायची आणि मग घरी बसून त्याची वाट बघायची. एकदा रजा दोनच दिवसांची मिळाली, कार्ड तिसऱ्या दिवशी आलं. आजोबांनी ते मुकाट्याने पुढे अहमदाबादला धाडलं.

परीक्षा पास होऊन ती नोकरीवर निघाली तेव्हा आजोबांना वाटलं होतं, जाऊन जाऊन जाईल कुठे, ठाण्याला! पण दर बढतीला ती आणखी लांब गेली. अहमदाबाद, पाटणा, गुवाहाटी, मग दिल्ली. दर हंगामात आजोबा आमच्या वाडीतले कच्चे चिकू पेंढ्यात घालून, खोका कापडात शिवून तिला टपालाने पाठवायचे. कुरिअरचं नाव काढायची सोय नव्हती. तिचं उत्तर ठरलेलं : 'चिकू वाटेतच नासले. यात खात्याचा दोष नाही, चिकूंनी थोडा धीर धरायला हवा होता. पेंढा ठेवून घेतलाय. त्याला वाडीचा वास येतो.'

ती सगळ्यांत वरच्या खुर्चीत बसली तेव्हा आजोबा नव्वदीला टेकले होते. तरी खोका घेऊन डहाणूच्या पोस्टात रांगेत उभे राहिले. खिडकीतला कारकून म्हणाला, "काका, मॅडमच्या वडिलांना कसली रांग? या पुढे."

"तिला कळलं तर मलाच मेमो देईल," आजोबा म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

चौथ्या दिवशी आत्याचा फोन आला. "बाबा, सगळे चांगले निघाले! एकही नासला नाही!"

आजोबा म्हणाले, "म्हणजे झालं ना तुझं काम? आता ये घरी."

"दीड वर्ष राहिलंय, बाबा."

"बरं," म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. त्या दीड वर्षातले सातच महिने ते थांबले.

निवृत्त झाल्यावर आत्या वाडीतच राहायला आली. परवा चिकू उतरवताना मी सहज म्हणालो, "आत्या, तू आलीस ते बरं झालं."

ती पाटीतले चिकू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आले रे. बोलावलं तेव्हा नाही आले."

मी तिच्याजवळ बसलो आणि ऊन कलेपर्यंत आम्ही दोघं चिकू निवडत राहिलो.