मधल्या बाई

मधल्या बाई दिवसभर बोलत असत, पण त्यात स्वतःचं वाक्य एखादंच असे. बाकी सगळं दुसऱ्यांचं. सत्तरच्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नवी ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा त्या माझ्या शेजारच्या बोर्डावर बसायच्या. मूळच्या वाईच्या. चाळिशीच्या पुढच्या, अंगावर फिकट सुती पातळ, कानाला हेडफोन.

तेव्हा मुंबईची लाइन म्हणजे विहिरीच्या तळातून येणारा आवाज. आम्ही दोन टोकं जोडून द्यायची आणि गप्प बसायचं, असा नियम. बाई मात्र मध्ये बोलायच्या. समोरच्या काचेच्या बूथमध्ये एखादी आजी घसा फोडून ओरडतेय आणि तिकडे मुलगा नुसता "काय? काय?" करतोय, असं झालं की त्या म्हणत, "आजी, तुम्ही मला हळू सांगा. मी त्याला सांगते." खेड्यातून आलेली माणसं दारातच विचारायची, "मधल्या बाई हायत्या न्हवं आज?"

एकदा दूरच्या छावणीतून एका जवानाचा फोन आला. बूथमध्ये त्याची नवी बायको, सासू आणि दोन नणंदा दाटीवाटीनं उभ्या. बायकोच्या तोंडून शब्द फुटेना. तो घाबरून "हॅलो, हॅलो" करू लागला. बाईंनी काचेतून पाहिलं आणि त्याला सांगितलं, "अहो, त्या लाजताहेत. तोंडाला पदर लावून हसताहेत." क्षणभर नुसती खरखर. मग तो म्हणाला, "हसू द्या. मी थांबतो."

"हे नियमात कुठं बसतं?" मी नंतर विचारलं.

"अगं, नियम करणाऱ्यानं ही लाइन कुठं ऐकलीय?"

मग एका दुपारी जवळच्या खेड्यातले तात्या शेजाऱ्याचा हात धरून आले. त्यांची बायको त्याच सकाळी गेली होती. एकुलता एक मुलगा मुंबईला गिरणीत. लाइन लागली, पण नेहमीपेक्षा वाईट, आणि तात्यांना तर बोलवतच नव्हतं.

"बाई, तुमीच सांगा," रिसीव्हर बाजूला ठेवून बूथच्या दारातून ते म्हणाले. "आई गेली म्हनावं. आजच्या गाडीनं नीघ. उद्या दुपारपातुर वाट बघतो."

तिकडून मुलगा विचारत होता, "आई बरी हाय न्हवं?"

बाईंनी तात्यांकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "आई फार आजारी आहेत. आजच्या गाडीनं निघा." तेवढ्यात लाइन तुटली. माझ्याकडे वळून त्या हलकेच म्हणाल्या, "एकटं पोर. रात्रभर प्रवास करायचाय त्याला. कसं सांगू?" मलाही ते बरोबरच वाटलं.

मुलगा त्या गाडीनं आला नाही. आई आजारी म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तो एका मोठ्या डॉक्टरांच्या दारात उभा राहिला, औषध घेतलं आणि मग निघाला. गावानं दुपारपर्यंत वाट पाहिली. तो पोचला तेव्हा चिता विझत आली होती.

काही दिवसांनी तो एक्स्चेंजवर आला. डोक्याचे केस काढलेले, हातात औषधाची न फोडलेली बाटली. आवाज न चढवता म्हणाला, "बाई, खरं सांगितलं आसतं तर मी तसाच निघालो आसतो वो. तोंड तरी बघितलं आसतं आईचं." बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यानं दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि तो गेला.

त्यानंतर बाई मध्ये बोलल्या नाहीत. एक म्हातारी काचेवर थापा मारत होती, "मधल्या बाई, ऐकाय येत न्हाई, तुमी सांगा की वो!" बाईंनी हेडफोन काढून ठेवला आणि मान खाली घातली. मी प्रयत्न केला, पण मला ते जमत नव्हतं. कॉलची वेळ संपेपर्यंत म्हातारी ओरडत राहिली. एक्स्चेंजचे साहेब मात्र खूश होते. बाई आता नियमानं वागतात, म्हणाले. पुढं बाईंनी स्वतःहून सांगलीला बदली मागून घेतली, कुणाशी बोलावं लागू नये अशा टेबलावर.

एकदा मी त्यांना भेटायला सांगलीला गेले. त्यांनी चहा केला. माझ्याच्यानं राहवलं नाही. "बाई, तुम्ही त्याच्या भल्याचाच विचार केला होता," मी म्हटलं.

त्यांनी हातातला कप बशीत ठेवला.

"त्यानं नमस्कार कशाला केला गं?" एवढंच म्हणाल्या.