साडेबाराची रिकामी खोली

"हात पुढे करा, मॅडम."

विद्यापीठाच्या समन्वयक मॅडम मला म्हणाल्या. माझ्याच शाळेत, माझ्याच पोरांसमोर. त्यांच्या हातात सॅनिटायझरची बाटली होती. खोलीच्या दाराला लाल फीत. आत नवे टॅब, नवी कपाटं, नवा एसी. बाहेर बोर्ड, विद्यापीठाचं संसाधन केंद्र.

रांगेत आधी सहावीची पोरं. एकेकाचे हात उलटसुलट बघून झाले, नखं बघून झाली, मग वर दोन थेंब. टॅबला डाग पडतात म्हणे. पोरांनंतर शिक्षक. शिक्षकांनंतर मी. मी या शाळेची मुख्याध्यापिका. केस पांढरे झालेत इथे.

मी हात पुढे केला.

माझ्यामागे विद्यापीठाचे पाहुणे होते. सूट, खादी सिल्क, गळ्यात ओळखपत्रं. ते दारात आले तशी मॅडमनी बाटलीचं झाकण लावलं. "या ना सर, प्लीज." पाहुण्यांचे हात स्वच्छच असतात. जन्मतःच. फीत कापली गेली. आम्ही ओल्या हातांनी टाळ्या वाजवल्या.

हे हात बघणं मला नवं नव्हतं.

आमचं गाव सिंधुदुर्गात. बाबा मुंबईत गिरणीत होते. गिरणी गेली, बाबा वॉचमन झाले, आई बोरीवलीच्या सोसायट्यांत भांडी घासू लागली. रविवारी मी आईबरोबर जायची. एका घरातल्या ताई कॉलेजात शिकवायच्या. त्यांच्याकडे काचेचं कपाट होतं, पुस्तकांनी भरलेलं. आई मोरीत भांडी घासत असायची आणि मी त्या काचेसमोर उभी. एकदा ताईंना माझी दया आली.

"हात बघू. उताणे. आता पालथे."

मी दाखवले. तपासून झाल्यावर कपाट उघडलं. आतून आली स्वाध्यायपुस्तिका. त्यांच्या मुलीची, मागच्या वर्षीची. सगळी उत्तरं आधीच लिहिलेली, निळ्या शाईने. मला त्यात लिहायला एक ओळ शिल्लक नव्हती. मी तोंड वाकडं केलं तशी आई हळूच म्हणाली, "गप रव गो चेडवा. दिल्यानी ता घे."

मी घेतली. उत्तरं भरलेलं पुस्तक द्यायचं, वर उपकारही चढवायचा. ही जमात मला तेव्हाच ओळखीची झाली. पुढे ती मला विद्यापीठात भेटली.

विद्यापीठाने उपनगरातल्या मुख्याध्यापकांना आधार द्यायचं ठरवलं. शब्द त्यांचाच. आधार. अंधेरी, मुलुंड, घाटकोपर, बोरीवली, कुठून कुठून शाळा निवडल्या. मालाड पूर्वेला डोंगराच्या उतारावर आमची अनुदानित मराठी शाळा, तीही निवडली. संस्थेचे सचिव फोनवर म्हणाले, "मोठी माणसं आहेत बाई. हो म्हणा, प्रश्न विचारू नका."

मग आमचे शनिवार त्यांच्या कॅम्पसवर जाऊ लागले. विषय, नेतृत्व. शिकवायला एक तरुण गृहस्थ. शाळेत शिकवल्याचा अनुभव शून्य, अमेरिकेत राहिल्याचा भरपूर. पहिल्याच दिवशी आम्हाला टेबलांवर वाटून टाकलं, प्रत्येक टेबलावर कच्च्या स्पगेटीच्या, म्हणजे लांब विलायती शेवयांच्या, काड्या आणि वर एक पांढरी मऊ गोळी. काड्यांचा मनोरा उभा करायचा, टोकावर गोळी ठेवायची. ज्याचा मनोरा उंच त्याचं नेतृत्व मोठं.

वर्गात पन्नाशी ओलांडलेली माणसं. कुणाच्या शाळेत छत गळतंय, कुणाचे शिक्षक निवडणुकीच्या कामाला पळवलेत. ही माणसं जीभ दाताखाली धरून काड्या रचत बसलेली. घाटकोपरच्या शाळेचे कदम सर माझ्या टेबलावर होते, निवृत्तीला टेकलेले. ते माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, हे खायचं, की यांच्या डोक्यावर उभं करायचं?"

मी हात वर करून विचारलं, "सर, शाळा दोन पाळ्यांत चालते आणि खोल्या मोजक्याच. तिथे वर्गांची सोय कशी लावायची, ते सांगाल?"

तो गोड हसला. "मॅडम, प्रॉब्लेम नको ना. पॉसिबिलिटी सांगा."

याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं. उंटही आमच्याच पाठीवर.

मी तिकडे काड्या रचत होते, त्याच दिवशी विद्यापीठाचे विद्यार्थी आमच्या शाळेची पाहणी करायला आले. मला न सांगता. आले ते साडेबाराला.

आमच्या शाळेत सकाळी हायस्कूल भरतं, दुपारी खालचे वर्ग. साडेबाराला सकाळची पाळी सुटते. मग मावशी खोल्या झाडतात, फळे पुसतात, आणि एकच्या आत दुपारची पोरं दप्तरं आपटत येतात. मधला तो थोडा वेळ प्रत्येक खोली रिकामी असते. उतारावरच्या वस्तीतलं शेंबडं पोरही हे सांगेल. या पाहणीवाल्यांनी मात्र कुणाला विचारलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत डोकावले, रिकामे बाक बघितले, फोटो काढला, आणि अहवालात लिहून टाकलं, वापरात नसलेली खोली उपलब्ध.

सकाळी नववी आणि दुपारी सहावी. दोन वर्गांची खोली. वापरात नसलेली.

मी समन्वयक मॅडमना फोन केला. सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण मॅडम, डेटा तर तसं सांगतोय." मी म्हटलं, "डेटाला म्हणावं एक वाजता ये." त्या हसल्याही नाहीत. सचिवांकडे गेले तर ते म्हणाले, "एवढं मोठं विद्यापीठ खोटं बोलेल का?" आणि खोली विद्यापीठाच्या केंद्राला द्यायच्या करारावर सही झाली. माझी नव्हे, त्यांची.

बाक बाहेर आले. एसी आत गेला. फीत कापली गेली, बाटलीतले दोन थेंब आम्हाला मिळाले, आणि त्याच संध्याकाळी खोलीला कुलूप लागलं. चावी समन्वयक मॅडमच्या पर्समध्ये. आयत्या बिळावर नागोबा असतो, तो निदान बिळात राहतो तरी. हे राहायलाही येत नव्हते. पाहुणे असले की खोली उघडायची. पोरांना आत बसवायचं, हातात टॅब द्यायचे, फोटो काढायचे, टॅब काढून घ्यायचे, पोरांना बाहेर काढायचं, कुलूप.

नववी व्हरांड्यात बसू लागली. भिंतीला टेकवलेला फळा गणिताच्या बाईंनी जोर लावला की घसरायचा. सहावी जिन्याच्या वळणावर, मुतारीच्या शेजारी. सानिका नावाची एक मुलगी आहे त्या वर्गात, खारदांड्याहून तिचं कुटुंब इकडे राहायला आलंय. डाव्या हाताने नाकाला रुमाल धरायची आणि उजव्याने मांडीवर वही ठेवून लिहायची. तक्रार नाही. मी जिन्यावरून गेले की उठून उभी राहायची, "नमस्ते बाई." मला तिच्या त्या नमस्तेची लाज वाटायची. मी तिची हेडबाई, आणि एका दाराचं कुलूप मला उघडता येत नव्हतं.

कार्यशाळेच्या शेवटच्या शनिवारी यशोगाथा सांगायच्या होत्या. विद्यापीठाच्या आधारामुळे तुमच्या शाळेत काय बदललं ते प्रत्येकाने माइकवर सांगायचं. एकेक मुख्याध्यापक उठून आभार मानत होता. कुणी तर डोळे पुसले. माझी पाळी आली.

मी म्हटलं, "मला आमच्या खोलीची चावी द्या. मला वर्ग बसवायचाय."

समन्वयक मॅडमनी मान किंचित तिरकी केली. लहान मुलाशी बोलताना करतात तशी.

"मॅडम, नाराज नका होऊ ना. पण अशा वस्त्यांमध्ये कुणाच्याही हातात चावी दिली की काय होतं, आम्ही बघितलंय."

लोक हसले. पाहुणे हसले ते हसले, माझ्या बरोबरीचे मुख्याध्यापकही हसले. कदम सर हसले नाहीत. मग चहा आला, नेतृत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, आणि फोटोसाठी मला दुसऱ्या रांगेत उभं केलं.

फोटो काढताना मी माझ्या हातांकडे बघत होते. नखांच्या कडेला खडूची पूड. या हातांनी मी एम.ए. झाले, बी.एड. झाले, शिक्षकांची पदं रिकामी असताना वर्षानुवर्षं शाळा ओढली. मला वाटायचं, आपण शिकलो, खुर्चीवर बसलो की हे हात बघणं थांबेल. कसलं थांबतंय! आणि तिथे उभ्या उभ्या मला कळलं. यांना हात बघायचेच नसतात. हात घाण आहेत की स्वच्छ, याच्याशी यांना घेणंदेणं नाही. सांगितल्यावर तुम्ही ते पुढे करता की नाही, एवढंच यांना बघायचं असतं. बोरीवलीच्या ताईंनाही एवढंच बघायचं होतं. आणि मी दोन्ही वेळा पुढे केले.

मला रडू आलं नाही. रागही नंतर आला. आधी किळस आली.

सोमवारी शाळेत जाण्याआधी मी मालाड स्टेशनबाहेरच्या चावीवाल्याला रिक्षात बसवून आणलं. त्याने कुलूप हातात घेऊन वजन केल्यासारखं हलवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"कोई लफडा तो नहीं ना मॅडम? कमरा आपकाच है ना?"

"माझाच आहे."

हे मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. त्याने काम सुरू केलं. कुलूप पडलं तेव्हा त्याने विचारलं, नवं बसवू का? मी म्हटलं, नको, कडी पुरे.

टॅब खोक्यांत भरून, दोन शिक्षकांच्या सह्या घेऊन कार्यालयातल्या कपाटात ठेवले. उद्या चोरीचा आळ घालायला हे मागेपुढे बघणार नाहीत. बाक आत आले. मावशींनी फळा ओल्या फडक्याने पुसला. एक वाजता सहावी आत शिरली. सानिकाने रुमाल दप्तरात टाकला आणि खिडकीशी जागा पकडली, त्यासाठी शेजारणीला चांगलं कोपरही मारलं. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

त्याच आठवड्यात परदेशी पाहुणे येणार होते. मला कुणी कळवलं नव्हतं, शिपायाला कळवलं होतं. त्या दिवशी सहावीवर मी स्वतः तास घेतला. भूगोलाचा. दार उघडंच होतं. दारात समन्वयक मॅडम उभ्या राहिल्या, मागे पाहुणे, त्यांच्यामागे कॅमेरा.

"हे काय? चावी कुणी दिली?"

"तास चालू आहे," मी म्हटलं.

"मॅडम, पाहुणे आलेत."

"दिसतायत मला. शेवटचा बाक रिकामा आहे. बसायचं तर बसा. नाहीतर बेल होईपर्यंत बाहेर थांबा."

त्यांचा चेहरा पडला, पण सवय कुठे जाते? पाहुण्यांकडे बघून हसत त्यांनी पर्समधून बाटली काढली आणि पहिल्या बाकाशी आल्या. पहिल्या बाकावरच्या पोरांनी मुकाट हात पुढे केले. आम्हीच शिकवलेलं ना. मागच्यांनीही केले. खिडकीजवळ सानिकानेही.

"हात खाली," मी म्हटलं.

पोरांनी माझ्याकडे बघितलं. मग मॅडमकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"हात खाली. सगळ्यांनी. वह्या उघडा."

हात खाली गेले. वह्या उघडल्या. समन्वयक मॅडम बाटली धरून उभ्याच. पाहुण्यांतली एक म्हातारी बाई शेवटच्या बाकावर जाऊन बसली, तिला काय समजलं ते तिलाच ठाऊक. बाकीचे व्हरांड्यात उभे राहिले. बेल व्हायला बराच वेळ होता. मी तास एक मिनिटही आधी सोडला नाही.

पुढचं अपेक्षेप्रमाणेच. विद्यापीठाने आधार काढून घेतला. टॅब मोजून नेले, एसी उचकटून नेला, भिंतीला भोकं ठेवून गेले. समन्वयक मॅडमनी कुठल्याशा परिषदेत वस्तीतल्या मुख्याध्यापकांची मानसिकता या विषयावर निबंध वाचला, असं कदम सरांकडून कळलं. वाचोत. त्यातलीही उत्तरं आधीच भरलेली असणार.

सचिव माझ्यावर आगपाखड करून गेले, मग त्यांची नोटीस आली. कुलूप कोणाच्या परवानगीने तोडलंत, खुलासा करा. सहकारी म्हणतात, बाई, माफी मागून टाका, निवृत्तीला किती राहिलंय. आई आता थकलीय, तीही जुनंच म्हणते, गप रव गो.

नाही राहणार. खुलासा लिहून झालाय, एका शब्दाचा. माझ्या.

काढायचं तर काढा मला. पण मी आहे तोवर त्या खोलीला कुलूप लागणार नाही. आणि ते लावायला जो येईल, मग तो विद्यापीठाचा असो की संस्थेचा, त्याने आधी माझ्या पोरांसमोर उभं राहायचं आणि हात दाखवायचे. उताणे. मग पालथे.